मुंबईची हाफ मॅरेथॉन आठ आठवड्यांवर, आणि पळायला आठवड्यातले तीनच दिवस

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. नोंदणी मात्र काही महिने आधी, उत्साहाच्या भरात होते. मग गणपती येतात, नवरात्र येतं, दिवाळीचा फराळ येतो आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कधीतरी लक्षात येतं की हातात आठ आठवडे उरलेत. सकाळी सातची लोकल, रात्री नऊला घरी, आठवड्यातून पाच दिवस पळणं स्वप्नातही शक्य नाही. हे लिखाण अशा माणसासाठी आहे. ज्यांना ठरावीक वेळ गाठायची आहे, मागच्या वर्षीपेक्षा दहा मिनिटं कमी करायची आहेत, त्यांनी दुसरीकडे पाहावं. इथे एकच ध्येय आहे: २१.०९७५ किलोमीटर दुखापतीविना पार करायचे आणि सोमवारी ऑफिसला जायचं.

आधी उतरायचं की नाही ते ठरवा

पहिल्या रविवारी ८ किलोमीटर करून पाहा. हळू पळा, लागेल तिथे चाला, पण पूर्ण करा. दुसऱ्या दिवशी पाय जड वाटले तर चालेल. जिना उतरताना गुडघा किंवा घोटा टोचला तर चालणार नाही. ८ किलोमीटर झाले आणि मंगळवारपर्यंत पाय मोकळे झाले, तर आठ आठवडे पुरतात. ५ किलोमीटरलाच दम संपत असेल तर या वर्षी १० किलोमीटरची शर्यत गाठा. ‘पैसे भरलेत’ हे पळण्याचं कारण होऊ शकत नाही.

चाळिशी उलटली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जा आणि ते सांगतील त्या तपासण्या करा. पळताना छातीत दाब वाटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबायचं. शर्यतीतसुद्धा.

लक्ष्याचं गणित

पीट रीगल या अमेरिकन इंजिनिअरने १९७७ मध्ये एक सूत्र मांडलं. त्यानुसार तुमच्या १० किलोमीटरच्या वेळेला साधारण २.२ ने गुणलं की हाफच्या वेळेचा अंदाज येतो. पण त्या अंतरासाठी तुमची पुरेशी तयारी झालेली आहे, असं हे सूत्र गृहीत धरतं. आपली तशी नसणार. म्हणून २.३५ ने गुणा. १० किलोमीटरला ७५ मिनिटं लागत असतील तर पहिल्या हिशोबाने २ तास ४५ मिनिटं येतात, दुसऱ्याने २ तास ५६. पहिला आकडा डोक्यातून काढून टाका. त्याच्या मागे लागलेली माणसं शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये रस्त्याच्या कडेला पोटरी चोळत उभी दिसतात.

स्पर्धेचा कट-ऑफ, म्हणजे शर्यत पूर्ण करायची कमाल मुदत, किती आहे तेही आजच पाहून ठेवा. तुमचा अंदाज आणि कट-ऑफ यांत किमान १५ मिनिटांचं अंतर हवं.

आठवडा कसा बसवायचा

मंगळवार, गुरुवार, रविवार. मंगळवारी ३५ ते ४० मिनिटं, अगदी आरामात; साधारण ५ किलोमीटर होतील. शेवटी २० सेकंदांच्या चार झपाझप धावा घ्या. जीव तोडून नाही, फक्त पावलं चटचट पडतील इतक्याच.

गुरुवारी ४५ मिनिटं. त्यातली पहिली दहा हळू, मग आठ-आठ मिनिटांचे दोन तुकडे असे की बोलणं तुटक व्हावं पण धाप लागू नये, मध्ये तीन मिनिटं चालणं, उरलेला वेळ पुन्हा हळू. चौथ्या आठवड्यापासून दोनाचे तीन तुकडे करा. एक आड एक गुरुवारी या तुकड्यांऐवजी चढ घ्या. मलबार हिल, ठाण्यात येऊर, नवी मुंबईत खारघरचा डोंगर, जवळ असेल तो. यातलं काहीच जवळ नसेल तर इमारतीचे जिने आहेतच. मिनिटभर चढायचं, चालत उतरायचं, असं सहा ते आठ वेळा. शर्यतीत पेडर रोडचा चढ अर्धं अंतर संपल्यानंतर, पाय थकायला लागतात तेव्हा येतो. त्याची ओळख आधी झालेली बरी.

वेळ पहाटेचीच काढावी लागते. त्यात हिवाळ्यात मुंबईची हवा वाईट असते आणि पहाटे प्रदूषण जमिनीलगत साचून राहतं. फोनवर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) बघायची सवय लावा. २०० च्या वर असेल त्या दिवशी जोराचं पळणं नको. ट्रेडमिल असेल तर ट्रेडमिल, नाहीतर घरात ताकदीचे व्यायाम करा आणि पळणं दुसऱ्या दिवसावर ढकला.

रविवार: सगळा जीव इथे आहे

तीन दिवसांतला एकच दिवस वाचवता येणार असेल तर हा वाचवा. आठ रविवार असे:

पहिला ८ किमी (वरची चाचणी हाच पहिला रविवार)
दुसरा १० किमी
तिसरा १२ किमी
चौथा ९ किमी
पाचवा १४ किमी
सहावा १७ किमी
सातवा १० किमी
आठवा शर्यत

चौथ्या रविवारची घट चुकून झालेली नाही. सतत वाढवत गेलं की हाडं आणि स्नायुबंध मागे पडतात. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, पण त्यांना जास्त वेळ लागतो. ती श्वास घेण्याची जागा आहे, तिथे ‘बरं वाटतंय म्हणून’ १५ किलोमीटर करू नका.

कॅलेंडर उघडून पाहिलंत तर एक गंमत दिसेल. शर्यत तिसऱ्या रविवारी, म्हणजे पाचवा रविवार २५ ते ३१ डिसेंबरच्या दरम्यान पडतो आणि सहावा, १७ किलोमीटरचा, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तयारीतले दोन सगळ्यात महत्त्वाचे दिवस पार्ट्या, सहली आणि लग्नांच्या मोसमात. घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. गोव्याला जाणार असाल तर बूट घेऊन जा.

पळण्याचे जुने जाणते सांगतात की लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं, आठवड्याच्या एकूण अंतराच्या एक तृतीयांशापेक्षा फार मोठा नसावा. आपल्या सहाव्या आठवड्यात २८ किलोमीटरपैकी १७ एकट्या रविवारचे आहेत. म्हणजे हा नियम आपण उघडउघड मोडतोय. तो मोडण्याची किंमत वेगात चुकवायची: रविवारी इतकं हळू पळायचं की लाज वाटावी.

किती हळू? पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. सोबत कुणी नसेल तर तेराचा पाढा मोठ्याने म्हणा. ‘तेर सत्ते एक्क्याण्णव’ला धाप लागली तर तुम्ही जोरात आहात. (पाढाच आठवत नसेल तर तो वेगळा प्रश्न.) घड्याळाच्या भाषेत, १० किलोमीटरच्या तुमच्या वेगापेक्षा दर किलोमीटरला एक ते दीड मिनिट जास्त. ग्रुपवर लोक आपापल्या वेगाचे फोटो टाकत असतात. रविवारी दुपारपर्यंत ते उघडू नका.

चालणं हा पराभव नाही

कमी तयारीत लांब अंतर कापायचं असेल तर पळणं-चालणं ही सर्वांत भरवशाची पद्धत. जेफ गॅलोवे यांनी ती जगभर पोचवली, आणि ते स्वतः १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेले. तेव्हा ही पळता न येणाऱ्यांची पळवाट आहे असं समजू नका.

यातली मेख एवढीच की थकल्यावर चालायचं नाही, थकण्याआधी चालायचं. पहिल्या पाच मिनिटांपासूनच: चार मिनिटं पळा, एक मिनिट भरभर चाला. हिशोब करून पाहू. पळण्याचा वेग किलोमीटरला ८ मिनिटं आणि चालण्याचा ११ मिनिटं धरला तर सरासरी साधारण साडेआठ मिनिटांच्या आत येते, म्हणजे हाफ तीन तासांच्या आत संपते. वरच्या उदाहरणातल्या ७५ मिनिटांच्या माणसाचा अंदाज २ तास ५६ मिनिटं होता. पस्तीसेक वेळा चालूनही फरक दोन-तीन मिनिटांचा, आणि पंधराव्या किलोमीटरला पोटऱ्या शाबूत.

पहिल्या किलोमीटरला, सगळे आपल्याला मागे टाकून जात असताना चालायला लागणं फार अवघड जातं. म्हणून त्याचाही सराव रविवारी करायचा. घड्याळात चार-एकचा गजर लावा आणि तो सांगेल ते ऐका.

दिवस बुडाले तर

बुडणारच. मंगळवार बुडाला तर विसरून जा. गुरुवार बुडाला तर शुक्रवारी अर्धा तास हळू पळा, तुकडे वगैरे नको. रविवार बुडणार असेल तर शनिवारी किंवा सोमवारी घ्या. अडीच तास सलग मिळतच नसतील तर एकदा, फक्त एकदा, शनिवारी संध्याकाळी ८ आणि रविवारी पहाटे ९ असे दोन तुकडे चालतील. बुडालेलं अंतर पुढच्या आठवड्यात जोडून भरपाई करायची नाही. ताप आला तर तो उतरल्यावर दोन दिवस पूर्ण विश्रांती. दोन रविवार गेले तर लक्ष्याच्या वेळेत दहा मिनिटं वाढवा. तीन गेले तर शर्यतीत दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं यावर या.

ताकद, थोडक्यात

बुधवारी आणि शनिवारी पंधरा मिनिटं, घरातच. उठाबशा, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, एका पायावर तोल सांभाळणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक. टाचांचा व्यायाम वगळू नका. चढावर आणि शेवटच्या टप्प्यात सगळ्यात आधी पोटऱ्याच हात टेकतात.

दुखणं कुठलं साधं, कुठलं नाही

दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या सारख्याच दुखत असतील आणि दोन दिवसांत ओसरत असतील तर तो सरावाचा भाग. एकाच बाजूला, एका ठरावीक ठिकाणी दुखणं वेगळं. नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एका बिंदूत कळ येत असेल तर पळणं बंद करून ऑर्थोपेडिक गाठा. हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. दुखण्यामुळे तुमची चाल बदलत असेल, लंगडत असाल, तर त्या दिवसाचं पळणं तिथेच संपलं.

वेदनाशामक गोळी घेऊन सराव किंवा शर्यत करू नका. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या, घामाने कमी झालेलं पाणी आणि तासन् तास पळणं हे मिश्रण मूत्रपिंडाला महागात पडू शकतं. शिवाय गोळीने दुखणं लपतं, थांबत नाही.

काय खायचं, काय प्यायचं

स्नायू आणि यकृतात साठलेली साखर साधारण दीड-दोन तासांच्या सतत श्रमाला पुरते. आपण त्याहून जास्त वेळ रस्त्यावर असणार, म्हणून वाटेत खावं लागतं. ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हा सर्वमान्य हिशोब. आपल्या वेगाला तिशी-चाळिशी पुरे. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, एनर्जी जेलच्या एका पुडीत २० ते २५. बिया काढलेला खजूर खिशात राहतो आणि पटकन गिळता येतो. शेंगदाण्याची चिक्की चवीला छान, पण कोरड्या तोंडात चावता चावता पुरेवाट होते. राजगिऱ्याची त्यापेक्षा बरी. पहिला घास ४५ मिनिटांनी, भूक लागण्याआधी, मग दर अर्ध्या तासाने.

पाणी तहानेनुसार. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबून पूर्ण बाटली रिचवणारे भरपूर असतात. नुसतं पाणी अती प्यायल्याने रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते जिवावर बेतू शकतं. दोन-चार घोट, आणि एक आड एक टेबलावर मीठ-साखर असलेलं काहीतरी. स्वतःच्या घामाचा अंदाज हवा असेल तर एका रविवारी पळण्याआधी आणि नंतर वजन करा. प्यायलेलं पाणी धरून जितके किलो कमी, साधारण तितके लिटर घाम गेला.

पळण्याआधी काय पचतं हे माणसागणिक वेगळं. दोन तास आधी जॅम-ब्रेड आणि केळं, किंवा गूळ लावून एखादी पोळी, बहुतेकांना चालते. तुमचं काय ते पाचव्या आणि सहाव्या रविवारी ठरवून टाका. शर्यतीच्या दिवशी तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट त्याआधी पोटाने एकदा तरी पाहिलेली हवी.

हेच बूट-कपड्यांनाही लागू. बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, घ्यायला शर्यतीआधीच्या एक्स्पोला (प्रदर्शनाला) गेलात की तिथे सवलतीत सुंदर बूट मिळतात. घ्या खुशाल, पण फेब्रुवारीत घाला. सुती बनियन घामाने जड होऊन घासतं, तेव्हा सिंथेटिक टी-शर्ट बरा. मांड्यांमध्ये, काखेत व्हॅसलिन. पुरुषांनी छातीवर मायक्रोपोर पट्टी. रक्ताळलेला टी-शर्ट फिनिशच्या फोटोत वर्षानुवर्षं दिसत राहतो.

शेवटचे चौदा दिवस

आता केलेला जोराचा सराव शर्यतीत उपयोगी पडणार नाही. शरीराला त्याचा फायदा मिळायला दहा-बारा दिवस लागतात. थकवा मात्र दुसऱ्याच दिवशी मिळतो. म्हणून सातव्या आठवड्यात अंतर निम्म्याच्या जवळ आणा आणि आठव्यात फक्त दोनदा वीस-पंचवीस मिनिटं. पाय शिवशिवतील, नवीनच कुठेतरी दुखल्यासारखं वाटेल. सगळ्यांनाच वाटतं.

शर्यतीच्या आठवड्यात बहुतेक वेळा संक्रांत येते. तिळगूळ खा, गोड बोला. गुळाची पोळी मात्र शनिवारी रात्री तुपासकट चार नको. शनिवारी वरण-भात, बटाटा, दही-भात असं मऊ आणि ओळखीचं. मिसळ, उसळ, कच्ची कोशिंबीर आणि हॉटेलचं जेवण टाळा. बिब आदल्या दिवसापर्यंत स्वतः जाऊन आणावं लागतं, शर्यतीच्या सकाळी मिळत नाही. शनिवारी दुपारी एक्स्पोत तीन तास उभं राहण्यापेक्षा गुरुवारी-शुक्रवारी उरकून टाका. नखं दोन-तीन दिवस आधी कापा. झोप महत्त्वाची ती शुक्रवारची. शनिवारी रात्री नीट लागत नाही आणि त्याने फारसं बिघडतही नाही.

रविवारची पहाट

हाफ माहीमहून पहाटे पाचच्या सुमारास सुटते. मार्गात आणि वेळेत दरवर्षी थोडे बदल होतात, तेव्हा आयोजकांचा नकाशा पाहा. तीनच्या आत उठावं लागेल. स्पर्धकांसाठी रेल्वे पहाटे खास लोकल सोडत आली आहे. त्यांचं वेळापत्रक आठवडाभर आधी शोधा आणि त्याच्या भरवशावर राहू नये म्हणून रिक्षा-टॅक्सीची दुसरी सोयही ठरवा. शौचालयाची रांग लांब असते, पोचल्या पोचल्या तिथेच उभे राहा.

पहिले तीन किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा मुद्दाम २० सेकंद हळू. गर्दीत वाट काढायला नागमोडी पळू नका, त्यात अंतर आणि दम दोन्ही जातात. सी-लिंकवर वारा असतो आणि फोटो काढायला अचानक थांबणारे असतात, कडेने राहा. तुमच्या वेळेची बस, म्हणजे पेसरमागचा (ठरलेल्या वेगाने पळून वेळ राखणाऱ्यामागचा) घोळका, दिसली तर नजरेत ठेवा, पण ती सलग पळते आणि तुम्ही चार-एकवर आहात, तेव्हा ती पुढे-मागे होणारच.

वरळी, हाजी अली करत पेडर रोड येतो. इथे गजर विसरा आणि चढ सरळ चालत घ्या, छाती वर, लहान पावलं. या चढावर पळून वाचलेलं अर्धं मिनिट मरीन ड्राइव्हवर पाचपट होऊन जातं. माथ्यावर इमारतींतून लोक खाली उतरून संत्री, बिस्किटं, मीठ घेऊन उभे असतात. सवयीचं असेल तेच घ्या. केम्प्स कॉर्नरकडे उतरताना लांब ढांगा टाकू नका, मांड्या तिथेच निकामी होतात.

मरीन ड्राइव्ह सपाट आहे आणि संपत नाही. सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तीन तासवाल्यांना शेवटची पाऊण तासाची वाट उन्हाच्या चाहुलीत कापायची. टोपी ठेवा. चार-एक जमेना तर दोन-एक, तेही जमेना तर एकेका विजेच्या खांबाचा हिशोब. घड्याळात २१.१ झालं आणि कमान अजून दिसत नाही म्हणून वैतागू नका. वळणं बाहेरून घेतल्याने आणि उंच इमारतींत जीपीएस भरकटल्याने दोन-तीनशे मीटर जास्त दिसतात.

संपल्यावर

पदक गळ्यात पडलं की लगेच बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चालत राहा. ओला टी-शर्ट बदला, अर्ध्या तासात काहीतरी पोटभरीचं खा. सीएसएमटी आणि चर्चगेट दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. लोकलमध्ये बसायला मिळालं तर पाय अधूनमधून हलवत राहा, नाहीतर आपल्या स्टेशनला उठताना पंचाईत. पुलाचा जिना कठडा धरून, बाजूने वळून उतरा. सोमवार-मंगळवार जास्त त्रास मांड्यांना होतो. चालणं चालू ठेवा, मालीश हलक्या हाताने. पहिलं पळणं पुढच्या रविवारी, वीस मिनिटं. लघवी गडद तपकिरी झाली किंवा चोवीस तासांनंतरही एखादा सांधा सुजलेला राहिला तर वाट न बघता डॉक्टरकडे जा.